मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५३० किमी. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास, येताना साडेचौदा. हे आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून पुण्याहून किती वाजता निघायचं किंवा तिकडे घ्यायला येणाऱ्याला कोणती वेळ सांगायची हे ठरत नाही. कारण ‘अंतर’ म्हणताना कुणी पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर सांगतो, कुणी विमान प्रत्यक्ष कापतं ते, तर कुणी तिकिटावरच्या टप्प्यांची बेरीज. वेळेचंही तसंच. हे सगळं नीट वेगळं करून, कागद-पेन्सिल आणि फोनमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर कसं काढायचं ते पुढे दिलं आहे. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलं आहे, पण रीत कोणत्याही दोन विमानतळांना चालते.

आधी विमानतळ नक्की करा

शहराचं नाव पुरेसं नाही, तिकिटावरची तीन अक्षरं बघा. मुंबईत सांताक्रूझ-सहारचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ म्हणजे बीओएम. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही प्रवाशांसाठी सुरू झाला आहे, त्याची अक्षरं एनएमआय. देशातल्या गावाहून एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परदेशी उडायचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतलंत, तर मधलं शहर गाडीने ओलांडावं लागेल हे लक्षात ठेवा. गोव्यातही दाभोळी आणि मोपा असे दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या जवळ अजिबात नाहीत.

न्यूयॉर्कच्या बाजूला जेएफके आणि नेवार्क हे दोन मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ. दोघांमधलं सरळ अंतर जेमतेम ३३ किमी, त्यामुळे हवाई अंतराच्या हिशेबात फरक नगण्य. जमिनीवर मात्र तो चांगलाच जाणवतो. नेवार्क न्यूजर्सीत आहे. एडिसन किंवा जर्सी सिटीला मुलाकडे जाणाऱ्यांना नेवार्क जवळ पडतं, तर जेएफकेहून तिकडे जायला पूल, टोल आणि न्यूयॉर्कची रहदारी वाटेत येते. तिकिटात हजार-दीड हजार रुपये वाचतात म्हणून जेएफके घेऊ नये.

अंतराचं गणित

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. मुंबई: १९ अंश ०५ मिनिटं १९ सेकंद उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं ०५ सेकंद पूर्व. जेएफके: ४० अंश ३८ मिनिटं २३ सेकंद उत्तर, ७३ अंश ४६ मिनिटं ४४ सेकंद पश्चिम.

१. हे आकडे दशांशात आणा. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३,६०० ने भागायचं आणि अंशांत मिळवायचं. मुंबई १९.०८८६ आणि ७२.८६८१, जेएफके ४०.६३९७ आणि ७३.७७८९ (चौथ्या दशांशात एखाद्या अंकाचा फरक पडला तर सोडून द्या). इथे हमखास होणारी चूक म्हणजे ७२ अंश ५२ मिनिटं ०५ सेकंद हे सरळ ७२.५२०५ असं लिहिणं. तसं केलंत तर मुंबईचा विमानतळ सुमारे ३६ किमी पश्चिमेला, भर अरबी समुद्रात जातो.

२. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्या: जेएफके उणे ७३.७७८९. मग दोन रेखांशांतला फरक १४६.६४७० अंश येतो. उणे चिन्ह विसरलात तर फरक एका अंशापेक्षाही कमी येतो आणि उत्तर निघतं सुमारे २,४०० किमी. त्या चुकीच्या जागी न्यूयॉर्क नाही, किर्गिझस्तान आहे.

३. कॅल्क्युलेटर ‘अंश’ या पर्यायावर आहे का ते तपासा. बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की साईन-कोसाईनची बटणं दिसतात. तो रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येईल. तपासायचं सोपं: ३० चा साईन काढा. ०.५ आला की ठीक.

४. दोन्ही अक्षांशांच्या साईनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०.

५. दोन्ही अक्षांशांच्या कोसाईनचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ = ०.७१७१. याला रेखांशांच्या फरकाच्या कोसाईनने गुणा. १४६.६४७० अंशांचा कोसाईन उणे ०.८३५३ आहे, म्हणून गुणाकार उणे ०.५९९०.

६. दोन्हींची बेरीज: ०.२१३० − ०.५९९० = उणे ०.३८६०. याचा उलटा कोसाईन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ११२.७१ अंश. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये एवढा कोन आहे.

७. एका अंशाला १११.१९ किमी. ११२.७१ × १११.१९ = १२,५३२ किमी.

यात पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा अगदी गोल चेंडू धरली आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे थोडी चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांशी ६,३५७. त्यामुळे या रीतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. दोन ठिकाणी दाखवलेले आकडे काही किलोमीटरांनी वेगळे दिसतात ते बहुतेक यामुळेच. विमानाच्या वेळेत त्याने चार-पाच मिनिटांहून जास्त फरक पडत नाही, तेव्हा त्यावरून वाद घालू नये.

फरक हजारो किलोमीटरांचा दिसला तर मात्र एकक बघा. हेच अंतर साध्या मैलांत ७,७८७ आणि सागरी मैलांत ६,७६७ आहे. साधा मैल १.६०९ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा. वैमानिक आणि विमानबांधणीवाले सागरी मैलात बोलतात. विमानकंपनीचे बक्षिसाचे मैल अंतरावर मिळत असतील तर ते सहसा साधे मैल असतात.

सपाट नकाशा विसरा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावली तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्को, मग अटलांटिक अशी जाते. त्या रेघेने खरंच उडालं तर सुमारे १४,२०० किमी होतील, म्हणजे साडेसोळाशेहून जास्त किलोमीटर जादा. विमानाला जवळजवळ दोन तास.

त्याऐवजी घरातला पृथ्वीगोल घ्या आणि एक दोरा मुंबईवर धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणा. ताणलेला दोरा सर्वांत लहान वाट आपोआप दाखवतो. भूगोलात हिला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. दोरा पश्चिमेला न जाता मुंबईहून वायव्येला, उत्तरेकडे झुकून चढतो. सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तानात हेरातच्या आसपास, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान. मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीच्या थोडं उत्तरेने, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळून समुद्रावर. नॉर्वे आणि आइसलँडच्या मधे तो ६४.७ उत्तर अक्षांशापर्यंत पोचतो, आणि तिथून रेकजाविक, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडा असा न्यूयॉर्ककडे उतरतो. खिडकीतून ग्रीनलँडचा बर्फ दिसला म्हणून वाट चुकली असं समजायला नको.

दोऱ्याची वाट आणि विमानाची वाट

विमान दोऱ्यावरून जात नाही. वारा, वादळं, हवाई मार्गांची आखणी आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे बंद आकाश, यामुळे वाट वाकडी होते.

वरची नावं पुन्हा वाचा, म्हणजे अडचण कळेल. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपली हवाई हद्द बंद ठेवली होती. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानकंपन्यांसाठी ती पुन्हा बंद केली आणि नंतर मुदत वाढवत नेली. ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानवरून उडणं बहुतेक कंपन्या टाळू लागल्या. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमधली वाट विमान कोणत्या देशाचं आहे त्यावर ठरते. तिकिटाची तुलना करताना दोन कंपन्यांच्या वेळेत तासाभराचा फरक दिसला तर विमान जुनं-नवं असण्यापेक्षा हे कारण असण्याची शक्यता जास्त.

पाकिस्तान बंद असताना दिल्लीची विमानं जास्त अडतात, कारण त्यांना आधी खाली गुजरातकडे किंवा समुद्राकडे यावं लागतं. मुंबईच्या पश्चिमेला सरळ अरबी समुद्र आहे, तिथून ओमान किंवा इराणच्या दिशेने निघता येतं, म्हणून तिचा वळसा लहान. इराणचं आकाशही बंद झालं, जसं जून २०२५ मध्ये झालं, की मुंबईचीही पंचाईत.

वळसा म्हणजे नुसता उशीर नव्हे, इंधनही. बोईंग ७७७-३००ईआरचा कारखान्याने सांगितलेला पल्ला सुमारे १३,६५० किमी आहे. मुंबई–न्यूयॉर्कचे १२,५३० किमी आणि त्यावर वळसा धरला की हाताशी फार काही उरत नाही, आणि समोरचा वारा जोराचा असला तर त्याहून कमी. मग कंपनी सामान किंवा प्रवासी कमी घेते, नाहीतर वाटेत इंधनासाठी थांबते. २०२५ च्या बंदीनंतर भारतातून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं अशीच युरोपात व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरू लागली. हा थांबा तिकिटावर ‘थेट’च्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. तो शोधा.

हिशेबासाठी सरळ अंतरावर ५ टक्के वाढ धरा: १२,५३० चे साधारण १३,१५० किमी. आकाश बरंच बंद असेल तर ८ ते १० टक्के.

आता वेळ

लांब पल्ल्याची मोठी विमानं वरच्या थंड हवेत आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.८४ पट वेगाने जातात. त्या उंचीवर ते ताशी ९०० किमीच्या आसपास येतं. हा हवेच्या तुलनेतला वेग झाला. जमिनीवरून मोजलेल्या वेगात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा.

उत्तर गोलार्धात ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, हिवाळ्यात आणखी जोरात. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. पूर्ण वाटेची सरासरी म्हणून ताशी ५० किमी धरली तरी अंदाज चांगला जमतो.

जाताना: १३,१५० ÷ ८५० = १५ तास २८ मिनिटं. त्यात चढण, उतरण आणि जमिनीवर फिरण्याचा अर्धा तास मिळवा: साधारण १६ तास.

येताना: १३,१५० ÷ ९५० = १३ तास ५० मिनिटं, अधिक अर्धा तास: १४ तास २० मिनिटं.

अटलांटिकवरचे ठरावीक मार्ग त्या दिवशीचा वारा बघून रोज नव्याने आखले जातात. म्हणूनच काल विमान पाऊण तास आधी पोचलं आणि आज वेळेवर, असं होतं.

तिकिटावरची वेळ एका विमानतळाच्या थांब्यापासून दुसऱ्याच्या थांब्यापर्यंतची असते, चाकं सुटण्यापासून टेकण्यापर्यंतची नाही. जेएफकेला गर्दीच्या वेळी उड्डाणाच्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो. कंपन्या हे जाणून वेळापत्रकात थोडा जादा वेळ धरून ठेवतात. विमान २० मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं ते त्या जादा वेळेमुळे.

तिकिटावरच्या दोन घड्याळांची वजाबाकी

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. समजा १० जानेवारीला मुंबईहून ०२:०० वाजता सुटून न्यूयॉर्कला त्याच तारखेला ०७:३० ला पोचायचं आहे. सरळ वजाबाकी साडेपाच तास. खरं उत्तर काढायला दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं: ०७:३० अधिक १०:३० म्हणजे १८:०० वाजले. ०२:०० ते १८:०० म्हणजे १६ तास.

परतीचं: १२ जानेवारीला ११:३० ला सुटून १३ तारखेला १२:३० ला मुंबई. वजाबाकी २५ तास, त्यातून साडेदहा वजा केले की साडेचौदा.

उन्हाळ्यात साडेदहाऐवजी साडेनऊ धरा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. भारतात असं काही नसल्यामुळे त्या आठवड्यात तिकीट असलेल्यांची हमखास गल्लत होते. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यांची आणखी, कारण युरोपातलं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मधल्या एक ते तीन आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तास असतो.

आणि मध्यरात्रीची तारीख. ‘१० जानेवारी, ०२:००’ म्हणजे ९ तारखेच्या रात्री विमानतळावर असायला हवं. १० तारखेला रात्री जेवून निघालेले लोक विमान सुटून २० तास झाल्यावर सहारला पोचतात, आणि अशी माणसं दर महिन्याला सापडतात. तिकीट हातात आल्या आल्या ‘९ च्या रात्री निघायचं’ असं वाराच्या नावासकट कॅलेंडरवर लिहून टाका.

मध्ये थांबा असेल तर

थांबा घेतला की अंतर फार वाढतं हा समज चुकीचा. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० किमी आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५५, बेरीज १२,७६५, म्हणजे सरळ वाटेपेक्षा अवघे २ टक्के जास्त. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. युरोप आणि आखात दोन्ही वाटेवरच पडतात. सिंगापूरमार्गे जायचं तिकीट मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको. तिथून न्यूयॉर्कच १५,३०० किमीहून जास्त आहे, जगातल्या सर्वांत लांब थेट उड्डाणांपैकी एक, आणि आपण आधी उलट दिशेला गेलेलो असतो.

वेळ जातो तो थांब्यात. दुसऱ्यांदा रांगेत लागणं, चढणं, उतरणं मिळून हवेतला वेळ दीड-दोन तासांनी वाढतो, आणि मधला मुक्काम वेगळा. एकाच तिकिटावर दीड तासाचा जोड मिळतो, पण अडीच-तीन तासांखाली घेऊ नये. वयस्कर माणसं चाकाच्या खुर्चीने जाणार असतील तर तीनच. दोन वेगळी तिकिटं स्वतः जोडली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास दुसऱ्या कंपनीचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही. अशा वेळी सहा तासही कमी पडू शकतात. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी विमानकंपनीला विचारा. नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि अमेरिकेचा व्हिसा असलेल्यांना बऱ्याचदा सूट असते.

अबू धाबीमार्गे जाण्यात एक फायदा आहे. अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी तिथेच होते, न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. पण ती रांग तिथे लागते, म्हणून अबू धाबीचा थांबा तीन तासांपेक्षा लहान नको. इतर बहुतेक वाटांनी गेल्यास अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथे तपासणी. पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तरी बॅगा तिथे पट्ट्यावरून घेऊन, कस्टम ओलांडून, पुन्हा जमा कराव्या लागतात. मुंबईत बॅगेला शेवटच्या गावाची चिठ्ठी लागली म्हणून निर्धास्त बसलेल्यांच्या बॅगा मागे राहतात.

घरातून घरापर्यंत

पुण्यात कोथरूडहून एडिसनला, वरच्याच तिकिटावर. मुंबई विमानतळ सुमारे १५० किमी. एरवी चार तास, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की हिशेब संपला, म्हणून पाच धरा. ९ तारखेला संध्याकाळी साडेपाचला निघा, साडेदहाला पोचाल. सुटण्याच्या तीन तास आधी पोचणं हा नियम अमेरिकेच्या विमानांना काटेकोर पाळावा. त्यांना विमानाच्या दाराशी आणखी एकदा तपासणी असते, आणि सामान घेण्याची खिडकी सुटण्याच्या तास-सव्वा तास आधी बंद होते.

न्यूयॉर्कला ०७:३०. इमिग्रेशन आणि बॅगांना दीड ते दोन तास, म्हणजे बाहेर पडेपर्यंत साडेनऊ. सकाळच्या रहदारीत एडिसनला पावणेदोन तास: सव्वाअकरा. भारतात तेव्हा रात्रीचे पावणेदहा. एकूण २८ तास १५ मिनिटं, ज्यातले १६ तिकिटावर दिसतात.

घ्यायला येणाऱ्याला साडेसात सांगू नका. नऊ सांगा, आणि आधी आलाच तर दारासमोर गाडी लावण्याऐवजी विमानतळाच्या ‘सेल फोन लॉट’मध्ये थांबायला सांगा. तिथे गाडीत बसून वाट बघायला पैसे पडत नाहीत. बॅगा हातात आल्यावर, आणि कोणत्या टर्मिनलच्या कोणत्या दाराशी उभे आहात ते पाटीवर वाचूनच, त्याला फोन करा.